चौकातले गाणे, मैदानातला चेंडू

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या परमपूज्य बाबासाहेबांच्या आदेशातला पहिला शब्द आमच्या घरांनी फार मनावर घेतला. उत्तर नागपुरातल्या कोणत्याही वस्तीत जा, दोन खोल्यांच्या घरातही एक कोपरा पोरांच्या अभ्यासाचा असतोच. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये, वडील रेल्वेत किंवा महापालिकेत आणि नातू इंजिनिअरिंगला, अशी तीन पिढ्यांची वाटचाल येथे घरोघरी दिसेल. तिचा अभिमान कोणाला नाही?

पण याच घरांत आणखी काही वाक्ये रोज कानावर पडतात. गाण्याने पोट भरते काय? चेंडूला लाथा मारून कोणी कलेक्टर झाला काय? सिनेमा म्हणजे पैशाची नासाडी. आणि राजकारण? त्याचे तर नावच काढू नका! बोलणाऱ्यांची तळमळ आम्हाला कळते. पोराने एक वर्ष वाया घालवले तर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे तेच असे बोलतात. तरीही या चार गोष्टींवर आज वाचकांशी जरा बसून बोलावेसे वाटते. कारण आमच्या बापजाद्यांनी पुस्तक हातात घेतले ते खरे, पण ते घेण्याची हिंमत कोठून आली, हे शोधू लागलो की आधी गाणे आठवते.

'मूकनायक' १९२० साली निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. पण ते वाचणार कोण? वस्तीत एखाद्यालाच अक्षर येई. तो मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. जेथे असा एकही नव्हता तेथे जलसा पोचला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी डफ-ढोलकीवर बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. आपल्या दहा भाषणांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे जुनी माणसे सांगत. ज्या महापुरुषाने हजारो ग्रंथ वाचले, त्यालाही गाण्याची ही किंमत ठाऊक होती. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आमच्या किती मुलांना माहीत आहे?

वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर प्रत्येक घरात सांगितले पाहिजे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेला हा माणूस पोटासाठी मुंबईला आला तेव्हा निरक्षर होता. चाळीतल्या एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, याची त्यांना इतकी लाज वाटली की मोठेपणी ते अक्षरे गिरवायला बसले. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते शिकले. १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले. २००४ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर हजारो गीते होती आणि त्यांपैकी कित्येक त्यांचे नावही न ऐकलेल्या बायकांच्या ओठांवर होती.

सिनेमाच्या चालीवर भीमगीते बांधतात म्हणून काही विद्वान नाक मुरडतात. त्यांना ती नक्कल वाटते. आमचे मत वेगळे आहे. चाल लोकांना आधीच पाठ असायची, शब्द तेवढे नवे. त्यामुळे दुसऱ्या कडव्याला सारा चौक सोबत गाऊ लागे. ज्यांच्याकडे ना वाद्यवृंद, ना रेडिओ, ना छापखाना, त्यांनी दुसऱ्यांच्या चालीवर आपला विचार स्वार केला, यात शहाणपणच होते. पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंद्यांचा पहाडी आवाज घराघरांत घुमू लागला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेला माणूस परत जाताना पिशवीत पुस्तक नेई आणि त्याच पिशवीत एखादी कॅसेटही. स्वयंपाकघरातल्या आमच्या मायमाउल्यांनी पुणे करार, महाडचा सत्याग्रह आणि रमाईचे कष्ट हे सारे कॅसेटवरच 'वाचले'.

आणि विठ्ठल उमपांना नागपूर कसे विसरेल? आंबेडकरी जलशातून आलेला हा शाहीर 'जांभूळ आख्याना'मुळे सगळ्या महाराष्ट्राचा झाला, पण जयभीम म्हणणे त्याने कधी सोडले नाही. २६ नोव्हेंबर २०१० हा संविधान स्वीकृतीचा दिवस. दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. उमप मंचावर होते. तेथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ऐंशीव्या वर्षात असलेला हा आवाज दीक्षाभूमीवरच थांबला. दुसऱ्या दिवशी आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये हळहळ होती, पण त्या हळहळीत थोडा हेवाही होता. असे जाणे मागून मिळत नाही, असे त्या म्हणत होत्या.

आता १४ एप्रिलची रात्र घ्या. गाडीवर भिंतीएवढे भोंगे, छातीत धडधड, घरातली भांडी हलताहेत. गाणे बाबासाहेबांचेच असते, पण त्यातला एक शब्द कळेल तर शपथ! आम्ही डीजेचे शत्रू नाही. वर्षभर हमाली करणाऱ्या पोराने एका रात्री मनसोक्त नाचावे, त्यात वाईट काय? पण ज्या गाण्याने निरक्षर माणसाला इतिहास शिकवला, त्याचा शब्दच ऐकू येऊ नये, हे काही आम्हाला पटत नाही. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात. ना भोंगे, ना रोषणाई. मोबाइलवर त्यांचे गाणे लागले की आमच्या घरातली तीन वर्षांची पोरही गप्प बसून ऐकते. मिरवणुकीआधी दोन तास चौकात सतरंजी अंथरून वस्तीतल्याच पोरापोरींनी गावे, मग खुशाल डीजे वाजवावा. खर्च शून्य. लागतो तो फक्त चौक मोकळा.

सिनेमाशी आमचे नाते उशिरा जुळले. पडद्यावर आम्ही नव्हतोच असे नाही. १९३६ सालचा 'अछूत कन्या' होता, १९५९ सालचा 'सुजाता' होता. चित्रपट चांगले होते, पण दोन्हींतली आमची मुलगी गोड, सोशिक आणि कोणीतरी दया करावी अशी. ती सभेला जात नाही, मोर्चात दिसत नाही, तिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर नाही. 'सुजाता' आला तेव्हा नागपूरच्या धम्मदीक्षेला तीन वर्षे होऊन गेली होती!

डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० साली आला. केरळच्या मामुटींनी बाबासाहेब उभे केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ इंग्रजी चित्रपट आमच्या वस्त्यांना काय कळणार, असे म्हणणारे होते. आमच्याकडे तो समाजमंदिरात व्हीसीडी लावून, सतरंजीवर दाटीवाटीने बसून पाहिला गेला. सोनाली कुलकर्णींची रमाई अंथरुणाला खिळली तेव्हा बायकांच्या रांगेत जे हुंदके फुटले, त्यांना भाषेची अडचण आली नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहात लागला. मारलेले डुक्कर काठीला टांगून जब्याचे कुटुंब चालले आहे आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि फुले यांची चित्रे आहेत, हा प्रसंग पाहून आम्ही काही दिवस अस्वस्थ होतो. कोणी भाषण करत नाही, पण भिंत बोलते.

मग ४ मार्च २०२२ रोजी 'झुंड' आला. हा तर आमच्या नागपूरचाच. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली, त्यांना फुटबॉल दिला आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाले. त्याचीच ही कथा. पडद्यावरची पोरे बरीचशी नागपूरच्या गल्ल्यांतूनच निवडली होती, त्यामुळे बोलणे अस्सल नागपुरी. 'पोट्टे' हा शब्द मोठ्या पडद्यावर ऐकून टाळ्या पडल्या. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे आणि त्यात सिनेमाघर आहे. जेथे आजोबांनी पाळी केली तेथे नातवाने तिकीट काढून आपल्याच मोहल्ल्यातली पोरे पाहावीत, हा योगही विचित्रच म्हणायचा.

त्या चित्रपटात वस्तीतली भीमजयंती आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर अमिताभ बच्चन उभे राहतात. एवढ्या वर्षांच्या हिंदी सिनेमात गणपती पाहिले, होळी पाहिली, करवा चौथ तर पाहून पाहून पाठ झाली. आमची जयंती मात्र पहिल्यांदाच अशी भरभरून पाहिली. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंनी हात जोडले होते. अंकुश गेडाम या नागपूरच्या मुलाला पुढे २०२३ साली पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

आमची एक तक्रार आहे. येथेही उद्धार करणारा बाहेरूनच येतो, भिंतीपलीकडच्या कॉलेजातून. बारसे सरांचे काम मोठेच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण कधीतरी वस्तीतल्याच एखाद्या ताईने पोरांना गोळा करून संघ उभा केला, अशी कथा पडद्यावर यावी. शेवटचे दृश्य मात्र मनातून जात नाही. भिंतीवर ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आहे आणि वरून पोरांचे विमान उडत जाते.

बारसे सरांच्या कथेतला एक भाग सिनेमापेक्षा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. २००६ साली निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांनी शहराबाहेर या पोरांसाठी जागा घेतली. चेंडू काय, शे-दोनशे रुपयांत येतो. खरी अडचण जागेची असते, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांची 'स्लम सॉकर' संस्था बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचली आणि २०१६ साली तिला जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, विविधता पुरस्कार मिळाला. वस्तीतल्या पोरांना खेळता येते, हे त्याआधी कोणी नाकारले नव्हते. त्यांना मैदान मात्र कोणी दिले नव्हते.

खेळात आमचे पान तसे जुने आहे. १८७६ साली धारवाडला जन्मलेले पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या क्लबात ते खेळपट्टी झाडण्याची, रोलर फिरवण्याची नोकरी करत आणि सरावात गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करत. इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंचा केवढा अभिमान! त्यांच्या सत्काराच्या सभेत ते बोललेही होते.

पुढची गोष्ट कडू आहे, पण ती लपवण्यात अर्थ नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी राजा यांच्याशी करार केला, तेव्हा बाळूंनी त्याला पाठिंबा दिला. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत तर काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. कर्णधारपद द्यायला ज्यांचा हात आखडला, त्यांना आमच्याविरुद्ध उभे करायला बाळू बरे चालले. म्हणून बाळू लहान ठरत नाहीत, त्यांचे ११४ बळी कोणी पुसू शकत नाही. पण आपल्यातल्या नामवंताच्या खांद्यावर हात टाकून कोण कोणाची मते फोडतो, हे ओळखायला आमच्या तरुणांनी शिकावे. हा खेळ अजून चालू आहे.

आजच्या मुलांना जवळची उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ साली भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून तेथवर पोचलेला तो पहिलाच. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरींनीही पट बाहेर काढले. बुद्धिबळाला एक टेबल पुरते, हे त्याचे सुख. कबड्डीला, खो-खोला, फुटबॉलला जमीन लागते. आणि लेआउटच्या नकाशात 'क्रीडांगण' लिहिलेल्या जागेवर प्रत्यक्षात काय असते? बांधकामाचा मलबा, उभ्या गाड्या, नाहीतर लग्नाचा मांडव. कोठे कोठे तर आपल्याच मंडळींनी त्यावर सभागृह बांधले, मग त्याला कुलूप लावले, आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही.

मुलींचे तर विचारूच नका. सहावीपर्यंत पोरगी पोरांच्या बरोबरीने धावते. सातवी-आठवीत आली की खेळ बंद. कारण विचारले तर आई सांगते, मैदानावर दिवा नाही, संडास नाही, कोपऱ्यात पत्ते कुटणारे बसलेले असतात. आईचे काय चुकले? ती पोरीची वैरीण नाही. मैदानच तसे आहे. सावित्रीमाईंच्या लेकींना आम्ही शाळेत पाठवले, पदवीपर्यंत नेले, पण संध्याकाळी पाच वाजता मोकळ्या हवेत तासभर धावायला जागा देऊ शकलो नाही.

राजकारणाचा कंटाळा आला म्हणणाऱ्यांसाठी आता दोन शब्द. रिपब्लिकन पक्ष याच नागपुरात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला. त्याचे पुढे किती गट झाले, हे मोजायला हाताची बोटे पुरत नाहीत, आणि यावरचे विनोद आता जुने झाले. पण १९९८ सालही आठवा. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबईतून, असे चार जण एकाच वेळी लोकसभेत गेले, आणि चौघेही सर्वसाधारण मतदारसंघांतून. चारांपैकी तिघे विदर्भातले! एकदा झाले ते पुन्हा होणार नाही, असे कोणी सांगितले?

त्याच रा. सू. गवईंचे चिरंजीव भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. देशाच्या या सर्वोच्च न्यायासनावर बसलेले ते पहिले बौद्ध. अमरावतीत महापालिकेच्या शाळेत शिकलेला आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेला हा माणूस. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. वस्तीतली पोरे संतापली, आणि संतापणारच. गवईंनी मात्र आवाजही चढवला नाही. अशा गोष्टींनी आपण विचलित होत नाही असे सांगून त्यांनी पुढचे काम सुरू ठेवले. क्षांती पारमितेवर विहारात आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्या दिवशी ती सर्वोच्च न्यायालयात पाहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले, पण तो प्रसंग आमच्या मुलांच्या आठवणीत राहील.

याचा अर्थ प्रत्येक वेळी गप्प बसावे असा मात्र नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लस संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानावर लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत जमले, म्हणून ती दीक्षाभूमी झाली. मैदान मोकळे होते, हे विसरू नका. पुढे तेथे भूमिगत वाहनतळाचे काम निघाले. खाली खणल्याने स्तूपाला धोका पोचेल, या काळजीने १ जुलै २०२४ रोजी हजारो स्त्री-पुरुष तेथे पोचले आणि त्याच दिवशी सरकारला त्या कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. त्या दिवशी झालेल्या तोडफोडीचे आम्ही समर्थन करत नाही. पण कडेवर पोर घेऊन आलेल्या बायका कोणत्या पक्षाने बोलावल्या नव्हत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. बुद्धगयेचा प्रश्नही जागेचाच. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू. अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि तोही हिंदूच असावा ही अट २०१३ पर्यंत होती. १९९२ साली नागपूरच्या भदन्त सुरई ससाईंनी त्यासाठी आंदोलन पेटवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले.

एवढ्या मोठ्या लढ्यांत वॉर्डातल्या मैदानाचे काय, असे वाटेल. पण तेही राजकारणच आहे, आणि ते आपल्या हातातले आहे. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हता. नळाला पाणी नाही, नाली तुंबली, तर जायचे कोणाकडे, हे आमच्या बायकांना विचारा. म्हणून मत मागायला कोणीही येवो, निळा झेंडा घेऊन येवो की आणखी कोणता, त्याला घरात बसवून चहा पाजण्याआधी वस्तीतल्या मैदानापर्यंत पायी न्यावे. सोबत आठवीतल्या पोरींना घ्यावे. मलबा कधी उचलणार, दिवा कधी लागणार, सभागृहाची किल्ली कोणाकडे, आणि संध्याकाळी पाच ते सहा हे मैदान मुलींसाठी राखून ठेवणार काय, हे त्या पोरींनाच विचारू द्यावे. उत्तर वहीत लिहून घ्यावे, तारखेसह.